बावीस दरवाजे आणि एक प्लायवूड

आमच्या शोरूममध्ये बावीस दरवाजे होते आणि त्यांतला एकही कुठे जात नव्हता. मोकळ्या फरशीवर मधेच एक चौकट उभी, चौकटीत दरवाजा, दरवाजावर किमतीचं कार्ड. गिऱ्हाईक पुढून बघायचं, वळसा घालून मागून बघायचं आणि पुढच्या दरवाजाकडे सरकायचं. चाचा मात्र कधी वळसा घालत नसत. त्यांच्या टेबलापासून चहाच्या किटलीपर्यंत सरळ रेषेत सात दरवाजे लागत. सातही ते उघडायचे, पलीकडे जायचे, मागे वळून बंद करायचे. येताना हातात भरलेला कप घेऊन पुन्हा सात. त्यामुळे त्यांचा चहा नेहमी थंड असायचा आणि चहा थंड आहे अशी तक्रार ते रोज करायचे.

मी तिथे नोकरीला लागले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी पर्स सावरत दोन चौकटींच्या मधून त्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"बाय, तू आता भिंतीतून आलीस."

"इथे भिंत कुठाय?"

"दार हाय तिथं भिंत असतेच. परत जा, दारातून ये."

माझ्याकडे इंटीरियर डिझाइनचा डिप्लोमा होता, मुंबईतल्या दोन कंपन्यांचा अनुभव होता, घरी नवरा आणि दोन वर्षांचा मुलगा होता. तरी मी मुकाट्याने परत गेले आणि दारातून आले. चाचा उठून उभे राहिले, म्हणाले, "ये, बस." त्यानंतरची सहा वर्षं मी दारातूनच आले.

शोरूम ओमानात, मस्कतच्या दक्षिणेला अल अमेरातमध्ये. तिथे तेव्हा जिकडे तिकडे नवी घरं उठत होती आणि प्रत्येक घराला दरवाजे लागत होते. आमचे सगळे दरवाजे चीनमधून कंटेनर भरून यायचे. चाचा दरवाजा विभागाचे प्रमुख. विभागात तेच एकटे होते. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या पट्ट्यातली निम्मी माणसं 'कोण, मी काय?' म्हणून हात वर करतील. उंच, किडकिडीत, दाढी पांढरी, पण मिशी सफाचट. खिशात मोजपट्टी, कानावर पेन्सिल. आमचे ओमानी मालकसुद्धा त्यांना चाचाच म्हणायचे, आणि चाचा मालकांना अर्बाब म्हणायचे. दोघं एकमेकांना वैतागलेले असायचे आणि दुपारचं जेवण एकत्र करायचे.

वैतागाचं कारण चाचांचा प्रामाणिकपणा. चिनी दरवाजांवर नक्षी फार. कुठे कडी तोंडात धरलेला सिंह, कुठे नाणी, कुठे कमळ, आणि एका खपाऊ मॉडेलवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच पंखवाले जीव. गिऱ्हाईक विचारायचं, हा कुठला पक्षी? चाचा सांगायचे, वटवाघूळ. गिऱ्हाईक जायचं. चाचा त्याच्या मागून सांगत राहायचे की चीनमध्ये पाच वटवाघळं म्हणजे घराला पाच आशीर्वाद, दीर्घायुष्यापासून सुरुवात. तोवर गाडी सुरू झालेली असायची.

शेवटी अर्बाबांनी हुकूम काढला. "चाचा, ये बटरफ्लाय है. खलास."

चाचांनी मान हलवली. पुढच्या गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अर्बाब बोलते हैं बटरफ्लाय है." तोही दरवाजा गेला नाही.

ही सगळी विद्या चाचांना दिली ती 'मिस्टर'नी. मी येण्याच्या आधीच्या वर्षी कारखान्याने कुलपं बसवण्याचं काम शिकवायला एक चिनी फोरमन चार महिन्यांसाठी पाठवला होता. त्याचं नाव कुणाला नीट घेता येईना, म्हणून सगळे त्याला मिस्टर म्हणत. चाचा आणि तो एकाच खोलीत राहिले. दोघांत मिळून पाच-सहा अरबी शब्द आणि भाषांतर करणारा एक मोबाइल एवढंच भांडवल. तेवढ्यावर त्यांनी चार महिने गप्पा मारल्या. चाचांनी त्याला आंबोळ्या खायला शिकवलं. त्याने चाचांना दारं शिकवली. ती विद्या चाचांनी शंभरपानी वहीत, झेडपीच्या शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात उतरवून ठेवली होती. वहीत चित्रंही होती. सिंहाचं चित्र मांजरासारखं झालं होतं, म्हणून खाली 'सिंह' असं लिहिलं होतं.

त्या वहीतलं एक पान मला पाठ आहे, कारण त्या पानाची गोष्ट चाचा प्रत्येकाला सांगायचे. चीनमध्ये एक राजा होता, त्याला भुतं झोपू देईनात. मग त्याचे दोन सरदार दाराच्या दोन बाजूंना हत्यारं घेऊन रात्रभर उभे राहिले. राजाला झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. असं चालू झालं. मग राजालाच वाईट वाटलं, की यांनी घरी कधी जायचं? त्याने चितारी बोलावला, दोघांची चित्रं दाराच्या दोन फळ्यांवर काढून घेतली आणि दोघांना घरी पाठवलं. भुतांना फरक कळला नाही. तेव्हापासून तिकडे दारावर ते दोघे असतात. घरोघरी नव्या वर्षाला नवा कागद चिकटवतात.

"आणि एक ध्यानात ठेव, बाय," चाचा पान उलटायच्या आधी सांगायचे. "ते दोघं एकमेकांकडं तोंड करून पायजेत. फळ्या उलट्या लागल्या, दोघांच्या पाठी एकमेकांकडं झाल्या, की घरात भांडण."

हे आम्ही हसण्यावारी न्यायचो, इब्राच्या प्रकरणापर्यंत. इब्रा आमच्यापासून दीड-दोन तासांवर. तिथल्या एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांनी नव्या घरासाठी दोन फळ्यांचं मोठं फाटक घेतलं होतं. कारखान्याने त्यांच्या आवडीप्रमाणे दोन्ही फळ्यांवर एकेक कहव्याची सुरई उठवून दिली होती आणि मधल्या पट्टीवर एक पेला. फिटर लोकांनी फाटक बसवलं, फोटो पाठवला. चाचांनी फोटो बघितला आणि मोजपट्टी खिशात घातली.

"फळ्या उलट्या लावल्यात. सुरयांची तोंडं भिंतीकडं, पेला मधे कोरडा."

मी म्हटलं, "चाचा, गिऱ्हाईक खूश आहे. त्यांनी फिटरना खजूर दिलेत."

"त्यांना ठाऊक नाय म्हणून खूश हाय."

ते त्याच दुपारी फिटरना घेऊन इब्राला गेले, आणि मापाची फाइल माझ्याकडे म्हणून मलाही नेलं. म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं, आपल्या फाटकात काही बिघाड आहे. नाही, बिघाड नाही, चाचा हिंदीत म्हणाले, फक्त तुमचा कहवा गल्लीत सांडतोय. गृहस्थांनी फाटकाकडे बघितलं. मग त्यांनी स्वतः एका फळीला हात लावला. तीन तास खपून फाटक उतरवलं आणि बिजागऱ्या बदलून पुन्हा चढवलं. सुरया समोरासमोर आल्या. आम्हाला पुन्हा खजूर मिळाले. परतताना गाडीत चाचा इतके समाधानी होते की त्यांनी गाडीचं दारसुद्धा हळूच लावलं. मला तेव्हा हा सगळा वेडेपणाच वाटला होता. आज स्वतःच्या घरातली कपाटंही तपासून बघते, ही गोष्ट वेगळी.

दरवाजा विकण्याआधी ते गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म भरून घ्यायचे. फॉर्म त्यांचाच, हिंदीत टाइप केलेला मी. अर्बाबांच्या मते फॉर्मवर रुंदी, उंची आणि रंग एवढंच पाहिजे होतं. ते तिघं खाली होते. वर चाचांचे प्रश्न होते. घरात म्हातारं कोण? सगळ्यांत उशिरा घरी कोण येतं? दार कोण उघडतं? पहिल्या प्रश्नावर उंबरठ्याची उंची ठरायची, दुसऱ्यावर कुलूप, तिसऱ्यावर कडी कुठे बसवायची ते. गिऱ्हाइकं आधी चिडायची, मग सांगायला लागायची, मग फार सांगायला लागायची. एका बाईंनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना डोळे पुसले होते. अर्बाब काचेच्या केबिनमधून हातवारे करायचे, यल्ला, यल्ला, आटपा. चाचांना ते दिसायचं नाही, कारण मधे बावीस दरवाजे होते.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या स्वतःच्या घराला दरवाजा नव्हता.

ही गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली. चाचांनी गावी घर बांधलं होतं. दोन मजली, चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे विहीर. ओमानच्या पगारातून खोली-खोली करत उभं केलेलं. सगळं झालं होतं. फक्त पुढच्या दाराला बांधकामाच्या वेळी तात्पुरती म्हणून प्लायवूडची फळी ठोकली होती, ती अजून तशीच होती. त्याला अकरा वर्षं झाली होती. प्रत्येक पावसाळ्यात ती फुगायची आणि बसेनाशी व्हायची, प्रत्येक उन्हाळ्यात सुकून तिला फट पडायची. चाची रोज संध्याकाळी फोनवर पहिलं वाक्य तेच बोलायच्या.

"दार आज पन लागला नाय."

"बघतंय," चाचा म्हणायचे. "चांगलं मिळू दे. दार काय पुन्हा पुन्हा होतं काय?"

नव्या कंटेनरमधला प्रत्येक दरवाजा ते घराच्या नजरेने बघायचे आणि प्रत्येकात खोट काढायचे. हा पातळ. ह्याचं कुलूप खाऱ्या हवेत गंजेल. ह्याचा सिंह रागावलेला दिसतो. घराचं दार झालं की घर पुरं झालं आणि घर पुरं झालं की ओमानात राहायचं कारण संपलं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं होतं. कारण डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आम्हीही चार वर्षं 'पुढच्या सुट्टीत' करत होतो. नवरा-बायको परक्या देशात एकत्र असूनही आमचं हे, तर चाचांचं काय सांगावं. तीस वर्षं ते एकटे होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. गणित तुम्हीच करा. मी एकदा केलं आणि मग पुन्हा केलं नाही.

मग ते दार आलं.

कंटेनर उघडला तर स्टीलच्या दरवाजांच्या मागे, ब्लँकेटात गुंडाळलेली, लाकडाची एक जुनी जोडी. वर चिकटपट्टीने चाचांचा पासपोर्ट साइझ फोटो लावलेला. मिस्टरचं गावातलं वडिलोपार्जित घर पाडून तिथे इमारती होत होत्या. सगळ्यांनी दारं जळणाला दिली. मिस्टरने आपलं दार कारखान्यात नेलं आणि आमच्या मालात चढवलं. सोबत मोबाइलने मराठीत करून दिलेला निरोप होता: 'तुमच्या घराला दार नाही. माझ्या दाराला घर नाही. कृपया.'

चाचांनी तो निरोप मला तीनदा वाचायला लावला. मग ब्लँकेट काढलं. जाड, काळपट, वजनदार लाकूड. बिजागऱ्या नाहीत, फळीच्याच वरच्या-खालच्या टोकाला गोल खुंटे, चौकटीच्या खोबणीत फिरणारे. खाली वीतभर उंच उंबरठ्याची फळी. आणि दोन्ही फळ्यांवर, अंगठ्यापासून शेंड्यापर्यंत रंगवलेले, मोठ्या डोळ्यांचे, लांब दाढ्यांचे, चिलखत घातलेले ते दोघे. वहीतल्या पानावरचे.

चाचा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. असं दार त्यांना जन्मात पुन्हा मिळणार नव्हतं. त्यात त्यांना एकही खोट सापडेना. सापडली ती एकच, आणि ती मोठी होती. घरात सजीवाचं चित्र लावायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आणि इथे दाराच्या फळीएवढे दोन सरदार डोळे वटारून उभे होते.

"रहमतचे फरिश्ते येत नाहीत अशा घरात," ते हळूच म्हणाले. "भुतं पन येनार नाहीत, फरिश्ते पन येनार नाहीत. मग येनार कोन?"

पुढचे पाच महिने ते दार शोरूममध्ये तेविसाव्या जागी उभं होतं. कार्डावर 'विकायचं नाही' असं चार भाषांत. चाचा सकाळी त्या सरदारांसमोरून जाताना मान तुकवायचे नाहीत, पण थांबायचे. मस्कतमधल्या रुवीतल्या एका हॉटेलवाल्याने ते दार मागितलं. चाचांनी त्याला फॉर्म भरायला दिला आणि 'हॉटेलात म्हातारं कोण' हे त्याला सांगता आलं नाही म्हणून परत पाठवलं. एकदा मलाच म्हणाले, "बाय, तू घे. तुमच्यात चालतं." मी घरी विचारलं. नवरा म्हणाला, आपण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दार बदललं तर घरमालक आपल्याला बदलेल. माझ्या मुलाने विचारलं, "मम्मा, हे दोघं आपले गॉड आहेत की दुसऱ्यांचे?" मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. चाचांना हायसं वाटलेलं मला दिसलं.

मशिदीतल्या मौलवीसाहेबांना त्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी वाट दाखवली. चेहरा पुसलात तर ती तसवीर राहत नाही, नुसती नक्षी होते. चाचा पॉलिश पेपर घेऊन आले. दारासमोर बसले. त्यांनी डाव्या सरदाराच्या दाढीच्या टोकाला पेपर टेकवला आणि उचलला. पॉलिश पेपर टेबलाच्या खणात गेला.

"दोस्तानं दिलेलं हाय," म्हणाले. "दोस्ताच्या दाराचं थोबाड मी घासू?"

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. दार असंच कार्गोने गावी पाठवायचं. पुढे चाची आणि गावातला सुतार काय ते ठरवतील. मापं घ्यायची म्हणून दुपारी शोरूम बंद असताना त्यांनी चाचींना व्हिडिओ कॉल लावला. मोजपट्टी धरायला त्यांना दोन्ही हात लागणार, म्हणून मोबाइल माझ्या हातात. मी चाचींना पहिल्यांदाच बघत होते. डोक्यावर ओढणी, नाकात चमकी, मागे ती फुगलेली प्लायवूडची फळी.

"कार्गोनं पाठवतंय," चाचा म्हणाले. "पुढच्या महिन्यात पोचंल. बाय, फॉर्म काढ."

"कसला फॉर्म?" चाचींनी विचारलं.

"दाराचा. सगल्यांचा भरतो आमी." आणि मोजपट्टी चौकटीला लावून, तिकडे तोंड करून, सवयीने त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "घरात म्हातारं कोन?"

चाचांची आई चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी लग्न होऊन चिपळूणला होती. चाचा स्वतःशीच म्हणाले, "आता कोन नाय. लिही, बाय, कोन नाय."

"मी," चाची म्हणाल्या.

चाचा वळले.

"मी म्हातारी झालंय. दोन वर्षं झाली, गुडगा वाकत नाय. तो वीतभर उंबरठा दाखवताव, तो वलांडायचा कोनी?"

चाचा मोबाइलकडे आले. पडद्यावर वाकून बघायला लागले. रोज बघत होते, तरी तेव्हा पहिल्यांदा बघितल्यासारखे. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तो चाचींनीच विचारला.

"फुडं काय हाय फारमात?"

मला वाचावं लागलं. "सगळ्यांत उशिरा घरी कोण येतं?"

"हे," चाची म्हणाल्या. "तीस वर्षं उशीर झालाय. लिही."

मी लिहिलं नाही. चाचा विषय बदलायचा म्हणून तसविरीचं सांगायला लागले. मौलवीसाहेब काय म्हणाले, मिस्टरला काय वाटेल, चेहरे ठेवावेत की काढावेत, तू सांग. चाचींनी सगळं ऐकून घेतलं.

"तीस वर्षं मी तसविरीबरोबर संसार करतंय," त्या म्हणाल्या. "आदी कपाटातली, आता या मोबाइलातली. तवा इचारलात काय मौलवीसाहेबांना?"

मला मोबाइल खाली ठेवून बाहेर निघून जावंसं वाटत होतं, पण तो माझ्याच हातात होता.

"आनि आयका," चाची म्हणाल्या, आवाज न चढवता. "दार घेऊन तुमी या. नुसतं दार आला तर मी ता भायेरच ठेवीन. प्लायवूड हाय माजं. सवय झालीय."

कॉल बंद झाला. चाचा चहा आणायला निघाले. किटलीपर्यंतचे सातही दरवाजे तसेच बंद होते. चाचा त्यांना वळसा घालून गेले. मी सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तसं जाताना बघितलं, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्बाबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की खलास, मी जातो. अर्बाबांना वाटलं वटवाघळांवरून रागावले. ते म्हणाले, चाचा, जे बोलायचं ते बोला, बॅट बोला. चाचा म्हणाले, तसं नाही, घराचं दार मिळालं. अर्बाब उठले आणि त्यांनी चाचांना मिठी मारली. मग दोघं जेवायला बसले.

चेहरे चाचांनी स्वतः पुसले. आधी मिस्टरला निरोप पाठवून विचारलं. उत्तर मोबाइलच्या मराठीत आलं: 'गावात चेहरा दर वर्षी जातो. ऊन, पाऊस. नवीन चिकटवतात. दुःख नको. लाकूड चांगले आहे. दाराजवळ माणूस असणे चांगले.' मग दोन दुपारी बसून त्यांनी पॉलिश पेपरने घासलं. चिलखतं ठेवली, हत्यारं ठेवली, दाढ्यांची टोकंही राहिली. वीतभर उंबरठा रंध्याने उतरवून दोन बोटांवर आणला. मी बाजूला बसून फॉर्म पुरा केला. पहिल्या प्रश्नापुढे 'बायको' असं लिहायला लावलं त्यांनी, आणि दुसऱ्यापुढची जागा कोरी ठेवायला सांगितली.

परवाच्या सुट्टीत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. घर लांबूनच ओळखू आलं. चिऱ्याच्या भिंतीत ते काळं दार, आणि त्यावर बिनचेहऱ्याचे दोन सरदार, समोरासमोर. माझ्या मुलाला मी आधीच बजावलं होतं, त्यामुळे अंगण तिन्ही बाजूंनी उघडं असूनही तो अंगणाच्या फाटकातूनच आत आला. चाचा उठून उभे राहिले. "ये, बस."

चाची दाराच्या डाव्या अंगाला पाटावर पाय लांब करून सुकट निवडत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि हसून म्हणाल्या, "फारमवाली." मग लगेच तक्रारी सुरू झाल्या. हे आल्यापासून घरात चालायची सोय नाही. विहिरीवर जायचं तर मागच्या दाराने जाऊ देत नाहीत. मांजर खिडकीतून आली तर तिला परत पाठवतात. सांगता सांगता त्या इतक्या चिडल्या की सूप उचललं आणि चाचांकडे पाठ करून बसल्या. चाचाही दाराच्या उजव्या अंगाला खुर्चीत होते, त्यांचीही पाठ चाचींकडे, तोंड रस्त्याकडे. मला हसू आवरेना. मी काही बोलणार होते, पण चाचांच्या ते आधीच ध्यानात आलं. त्यांनी मान वळवून चाचींच्या पाठीकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा चाचींकडे.

ते उठले. खुर्ची उचलली. दार उघडून आत गेले, दार बंद केलं. आतून खुर्ची फिरवल्याचा आवाज आला. मग दार पुन्हा उघडलं, खुर्ची घेऊन बाहेर आले, मागे वळून दार बंद केलं आणि चाचींचं तोंड होतं त्या बाजूला, त्यांच्या अगदी समोर, खुर्ची मांडून बसले.

चाचींनी सुपातून नजर वर केली. "काय झालं?"

"काय नाय," चाचा म्हणाले. "उलटं लागलं व्हतं."